आधी कागद, मग रंग
पकडलेल्या जपानी लढाऊ विमानाची जपणूक आणि आपण

कान तोडलेली तोफ

लोणावळ्याजवळच्या औंढ्यापासून लोहगड-विसापूरची जोडी लांब नाही. पावसाळ्यात या वाटेवर सुट्टीच्या दिवशी मुंगीलाही पाय ठेवायला जागा नसते. मात्र विसापूरच्या माथ्यावर पडलेल्या एका लोखंडी तोफेजवळ क्वचितच कोणी थांबते. 1885च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने या तोफेची दखल घेतली आहे. तिच्यावर इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचे गुलाबाचे फूल, मुकुट आणि दोन बाजूंना ‘ई’ व ‘आर’ ही रोमन अक्षरे आहेत. त्यावरून ती पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली, म्हणजे सोळाव्या शतकातली असावी, असे गॅझेटियरकारांना वाटले. एखाद्या इंग्रजी जहाजावरून ती हाती लागली असेल आणि आंग्र्यांनी किंवा कोकण किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कोणा सरदाराने ती पेशव्यांना नजर केली असेल, असा त्यांचा तर्क. 1818च्या मार्चमध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. तोफ गाड्यावर टेकवायला दोन्ही अंगांना जे कान असतात, ते इथल्या तोफांचे तोडलेले आहेत. कान तुटले की तोफ नेम धरण्याच्या कामाची राहत नाही. शत्रूकडून आलेली ही तोफ अशी पुन्हा शत्रूच्याच हाती पडली आणि निकामी होऊन माथ्यावरच राहिली.

लोखंड टिकले, पण हकीकत टिकली नाही. कोणत्या जहाजावरची, कोणी घेतली, कोणत्या वर्षी, या डोंगरावर कोणी चढवली, यांपैकी एकाही प्रश्नाला आज तर्कापलीकडे उत्तर नाही. ‘जपणूक’ या विषयावर लिहायचे ठरले तेव्हा हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला, की जिंकून आणलेली वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? त्याचे उत्तर शोधायला दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या जपानी लढाऊ विमानांइतके चांगले उदाहरण नाही. हजारोंच्या संख्येने बांधलेली ही विमाने आज फार थोडी उरली आहेत. जी उरली त्यांची गोष्ट पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. शत्रूचे यंत्र जपताना धातूचा क्रम दुसरा लागतो. पहिला क्रम त्याच्या कागदाचा, त्याच्या मूळ खुणांचा आणि ते बनवणाऱ्या-चालवणाऱ्या माणसांच्या हकीकतीचा. हा क्रम उलटा झाला की विमान उभे दिसते, पण ते काहीच सांगू शकत नाही.

पकडले गेले म्हणून वाचले

1945च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा त्या देशातल्या धावपट्ट्यांवर हजारो विमाने उभी होती. ताबा घेणाऱ्या सैन्याने त्यांचे पंखे काढले, ढीग रचले आणि ते जाळले किंवा चिरडून भंगारात घातले. 1952पर्यंत जपानला विमाने बांधण्याची आणि उडवण्याची बंदी होती. म्हणजे ज्या देशाने ही विमाने घडवली, तिथे ती जपण्याचा प्रश्नच उरला नाही. आज जगात जी जपानी युद्धविमाने दिसतात, त्यांतली काही जंगलांतून, समुद्रातून, तळ्यांतून वर काढलेली आहेत. बाकीची बहुतेक शत्रूने पकडली होती म्हणूनच वाचली आहेत.

पकडण्यामागे जपण्याचा हेतू मात्र नव्हता. हेतू माहितीचा होता. 1942च्या जूनमध्ये अलास्काजवळच्या अकुटान बेटावर तादायोशी कोगा या जपानी वैमानिकाचे ‘झिरो’ नावाचे लढाऊ विमान दलदलीत उतरताना उलटले आणि तो जागीच गेला. महिनाभराने अमेरिकनांना ते जवळजवळ धड अवस्थेत सापडले. सॅन दिएगोला नेऊन त्यांनी ते दुरुस्त केले, सप्टेंबरमध्ये उडवले आणि तोवर अजिंक्य वाटणाऱ्या झिरोच्या उणिवा ओळीने मांडल्या. वेग वाढला की त्याच्या पंखांच्या कडेचे फलक जड होतात आणि विमान उजवीकडे सहज कलत नाही. नाक झटक्यात खाली दाबले की इंजिनाचा इंधनपुरवठा क्षणभर तुटतो. ही माहिती वैमानिकांपर्यंत गेली आणि लढण्याची रीत बदलली. इतके मोलाचे हे विमान पुढे कुठे गेले? 1945च्या फेब्रुवारीत सॅन दिएगोच्याच धावपट्टीवर दुसरे एक विमान त्याच्यावर चढले आणि त्याचे तुकडे झाले. आज त्याचे काही किरकोळ भाग संग्रहालयांत आहेत. त्याची ओळख मात्र पूर्ण शाबूत आहे. वैमानिकाचे नाव, तारीख, बेट, चाचण्यांचे निष्कर्ष सगळे नोंदलेले असल्याने हे नष्ट झालेले विमान आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. विसापूरच्या तोफेचे नेमके उलट झाले.

युद्धाच्या काळात या कामासाठी खास तुकड्या होत्या. पडलेल्या विमानातून कारखान्याची पत्र्याची पाटी, क्रमांक, तपासनिसाचे शिक्के उतरवून घ्यायचे आणि त्यावरून कुठल्या कारखान्यातून दरमहा किती विमाने निघतात याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचे रोजचे काम. या कामातली सर्वांत मोठी अडचण आपल्याच बाजूच्या शिपायांची होती. आठवण म्हणून ते पाट्या उचकटून खिशात घालत. पाटी गेली की विमान बेवारस. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी अशीच एक ब्रिटिश-अमेरिकन तुकडी भारतात, कलकत्त्यात उभी राहिली. युद्ध संपल्यावर तिने मलायातल्या तेब्राऊ इथे पकडलेली विमाने गोळा केली, आणि ती चालती ठेवण्यासाठी व उडवण्यासाठी शरण आलेल्या जपानी कारागिरांची आणि वैमानिकांचीही मदत घेतली. काल ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्याच हातांना त्या यंत्राची नस ठाऊक होती, आणि ते ज्ञान कोणत्याही पत्र्यात उतरलेले नव्हते. तिथून ब्रिटनला गेलेल्या विमानांपैकी एका झिरोचा आज फक्त वैमानिकाच्या बैठकीचा भाग इम्पिरिअल वॉर म्युझियमकडे उरला आहे.

हयातेचा प्रवास

नाकाजिमा कंपनीचे ‘की-84 हयाते’ हे जपानी लष्कराचे युद्धाच्या अखेरच्या काळातले सर्वांत समर्थ लढाऊ विमान. अठरा सिलिंडरांचे, सुमारे 2,000 अश्वशक्तीचे इंजिन त्याला होते. अशी जवळजवळ 3,500 विमाने बांधली गेली. आज एकच शिल्लक आहे. 1945मध्ये फिलिपाइन्समधल्या क्लार्क फील्डवर ते अमेरिकनांच्या हाती लागले आणि जहाजाने अमेरिकेत गेले. युद्धानंतर पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनच्या तळावर हयातेच्या चाचण्या झाल्या. जपानी नोंदीत त्याचा कमाल वेग ताशी 631 किलोमीटर होता. अमेरिकन चाचणीत तो सुमारे 687 भरला.

या दोन आकड्यांमधल्या फरकाकडे नीट पाहायला हवे, कारण जपणुकीचा सगळा प्रश्न त्यात आहे. अमेरिकेत विमान निगुतीने जुळवलेले होते, इंधन चांगले होते, कारागीर निवांत होते. आघाडीवरच्या हयातेला यातले काहीच मिळत नव्हते. कारखान्यांवर बॉम्ब पडत होते, कुशल कामगार सैन्यात गेले होते, त्यांच्या जागी शाळकरी मुले-मुली यंत्रांवर उभी होती. चाकांच्या दांड्यांचे पोलाद नीट तापवून मुरवलेले नसे, त्यामुळे त्या उतरताना मोडत. म्हणजे 687 हा आकडा आराखड्याची ताकद सांगतो. हयाते प्रत्यक्षात कसे लढले ते सांगत नाही. दोन्ही आकडे खरे आहेत. पण कोणता आकडा कोणत्या परिस्थितीतला, हे लिहून ठेवले नसते तर दोन्ही खोटे ठरले असते.

चाचण्या आटोपल्यावर या विमानाचे काय करायचे, असा प्रश्न आला. अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अरनॉल्ड यांनी शत्रूच्या प्रत्येक प्रकारचे एकेक विमान राखून ठेवायला सांगितले होते. शिकागोजवळच्या पार्क रिज इथे, युद्धात विमाने बांधणाऱ्या एका रिकाम्या कारखान्यात, ती जमवली गेली. 1950मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाले आणि हवाई दलाला तो कारखाना परत हवा झाला. स्मिथसोनियन संस्थेच्या पॉल गार्बर यांनी वॉशिंग्टनजवळ मेरिलँडमध्ये सिल्व्हर हिल इथे रानातली जागा मिळवली आणि जमेल तेवढी विमाने खोक्यांत भरून तिकडे हलवली. सगळी हलली नाहीत. कित्येक तिथेच मोडीत गेली. हयाते भंगारापासून वाचले, कारण एड मॅलोनी या कॅलिफोर्नियातल्या तरुणाने ते मिळवले. 1957मध्ये त्याने स्वतःचे विमान-संग्रहालय उघडले आणि पुढे हे विमान पुन्हा उडण्याजोगे केले. त्याच संग्रहालयातले एक झिरो, 1944मध्ये सायपान बेटावर पकडलेले, आजही आपल्या मूळ साकाए इंजिनावर उडते.

1973मध्ये हयाते जपानला परत गेले, उडत्या अवस्थेत. गोष्ट इथेच संपली असती तर गोड शेवट झाला असता. पण पुढची वर्षे त्याच्या वाईटाची ठरली. मालकी बदलत गेली, क्योतोजवळच्या आराशियामातल्या एका खासगी संग्रहालयात ते उभे राहिले, देखभाल झाली नाही आणि सुटे भाग चोरीला गेले. उडते विमान पुन्हा कधी उडू न शकणारे झाले. ते संग्रहालय बंद पडल्यावर क्युशू बेटावरच्या चिरान गावातल्या शांतता संग्रहालयात त्याला जागा मिळाली. शत्रूच्या देशात जे पंचवीसहून अधिक वर्षे टिकले, ते मायदेशी परतल्यावर त्याहून कमी काळात खिळखिळे झाले. ‘ज्याची वस्तू त्याला परत द्या’ हे म्हणणे न्यायाचे आहे. पण परत देताना निगा राखण्याची व्यवस्था बरोबर जात नसेल, तर तो न्याय वस्तूला मारक ठरतो.

पत्र्याच्या आत

लढाऊ विमान जपणे तोफ जपण्याइतके सोपे का नाही, हे लोणावळा-मावळातल्या माणसाला समजवावे लागत नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या मुलखात पत्र्याची, खिळ्याची आणि रंगाची काय गत होते ते प्रत्येक घर जाणते. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्यात पोलादी बोल्ट, कुठे मॅग्नेशियमचे भाग. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल शिरली की त्यांतला दुबळा धातू खाल्ला जातो. बाहेरून काही दिसत नाही. आत पांढरी भुकटी साठत जाते. झिरोचे दुखणे त्याहून खोल आहे. त्याच्या पंखांचा मुख्य कणा सुमितोमो कंपनीने 1936च्या सुमारास तयार केलेल्या जस्तयुक्त मिश्रधातूचा होता. वजनाला हलका आणि ताकदीला जबर असा हा धातू वयाबरोबर ठिसूळ होतो, त्याला आतून चिरा जातात. म्हणून उडवायचे असेल तर तो कणा बदलावाच लागतो, आणि कणा बदलला की विमानातले मूळ किती उरले हा प्रश्न उभा राहतो.

अशा विमानाची एखादी झडप उघडून आतल्या पत्र्यावर प्रकाश टाकला तर निळसर हिरवा, पारदर्शक लाखेचा थर दिसतो. जपानी कारखान्यांत गंज टाळण्यासाठी हा हात फिरवत. त्या थराखाली कधी पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक असतो, कधी तपासनिसाचा गोल शिक्का, कधी रिव्हेटच्या ओळीत वाकडा गेलेला एखादा ठोका. बाहेरचा तांबडा सूर्य कोणीही पुन्हा रंगवू शकतो. हा वाकडा ठोका पुन्हा मारता येत नाही, कारण तो कारखान्यात यंत्रावर उभे राहिलेल्या एका विशिष्ट हाताचा आहे. नव्याने चकाचक रंगवताना सर्वांत आधी पुसले जाते ते हेच. म्हणून आजचे जाणते जतनकर्मी आधी छायाचित्रे काढतात, थर मोजतात, प्रत्येक खूण टिपतात आणि मगच पुसणीला हात लावतात.

आपल्याकडचा ठेवा

शत्रूची वस्तू जपण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. 1739मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या स्वारीशी जोडल्या जाणाऱ्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा आज आपल्या देवळांत आहेत. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची 1729 साल कोरलेली घंटा, वाईजवळ मेणवलीची 1707 सालची घंटा ही त्यांतली ठळक नावे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आजही स्पष्ट आहे. कोणी ती घासून काढली नाही. घंटेला देवळात रोजचे काम मिळाले म्हणून ती टिकली, आणि तिच्यावरचे साल व चित्र तसेच राहिले म्हणून ती आपली ओळख आजही सांगते.

यंत्राला असे काम मिळत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, जे 1994मध्ये सुरू झाले, दुसऱ्या महायुद्धातला जपानी ‘हा-गो’ रणगाडा आहे. त्याच्यापुढे पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन अवाढव्य वाटतो. हा-गोचे चिलखत जाडीला जेमतेम 12 मिलिमीटर. ते पाहिले की ब्रह्मदेशात त्यात बसून लढणाऱ्या शिपायाची अवस्था एका नजरेत कळते. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात त्याहून जिव्हारी लागणारी वस्तू आहे: ‘ओका’ हे जपानी आत्मघातकी विमान. नाकात 1,200 किलो स्फोटके, मागे तीन रॉकेट, लाकडी पंख आणि मधे एका माणसाची जागा. मोठ्या विमानाच्या पोटाला बांधून ते न्यायचे, जहाजाच्या दिशेने सोडायचे. परतीची सोयच नाही. 21 मार्च 1945ला ते पहिल्यांदा वापरले गेले तेव्हा ते वाहून नेणारी सगळी विमाने लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच पाडली गेली. ज्या यंत्रात माणूस हा सुटा भाग मानला गेला, ते यंत्र भारतात आहे आणि मराठी मुलांनी ते पाहायला हवे. पण पाटीवर केवळ नाव, लांबी आणि वजन असेल तर मूल ‘छोटे विमान’ एवढेच पाहून पुढे जाईल.

‘पण शत्रूचे कशाला?’

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो भावनेचा. ज्या सैन्याने आशियाभर अत्याचार केले, ज्याच्या विमानांनी 1942च्या डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब टाकले, त्याची यंत्रे प्रेमाने का जपावीत? हा आक्षेप हलका नाही. चिरानसारख्या ठिकाणी आत्मघातकी वैमानिकांची पत्रे आणि छायाचित्रे पाहून येणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि त्या पाण्यात युद्ध कोणी सुरू केले हा प्रश्न वाहून जाऊ शकतो. 2014मध्ये त्या पत्रांना युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत स्थान मिळावे असा प्रयत्न झाला, तेव्हा चीनने याच कारणाने विरोध केला. पण गौरवाचा धोका टळतो तो पूर्ण हकीकत सांगण्याने. वस्तू नष्ट केली तर गौरव करणाऱ्याला खोडून काढणारा साक्षीदारच जातो. ओकाच्या लाकडी पंखाला पाहून कोणाला त्या युद्धाचा मोह पडत असेल, तर त्याला 21 मार्चची हकीकत पूर्ण सांगितली गेलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक रास्त आहे. जिथे शाळेचे छप्पर गळते तिथे परक्या देशाच्या जुन्या विमानावर खर्च कशाला? मोठी दुरुस्ती खर्चिक असते हे खरेच. विमान उडवणे तर त्याहून महाग, आणि प्रत्येक उड्डाणात मूळ भाग झिजतो. पण इथे मांडलेल्या क्रमात पहिली पायरी दुरुस्तीची नाहीच. पाटी वाचणे, क्रमांक उतरवणे, छायाचित्रे काढणे, ताब्यात कसे आले त्याचा कागद शोधणे, छत घालणे आणि ओल दूर ठेवणे, या गोष्टींना लागतो तो चिकाटीचा माणूस. आपल्याकडे उलट घडते. चौकाचौकांत निवृत्त विमाने आणि रणगाडे उघड्यावर उभे राहतात, उद्‌घाटनाला रंग लागतो, पुढे पाऊस आपले काम करतो. रंगावर पैसा जातो आणि कागदावर काहीच जात नाही.

तिसरा आक्षेप असा, की अशा वस्तू सैन्याच्या आहेत, सामान्य माणसाने त्यात काय करावे? मावळ तालुक्याने तरी असे म्हणू नये. लोणावळ्यातली ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था 15 फेब्रुवारी 1945ला सुरू झाली, पॅसिफिकमध्ये हीच विमाने लढत असताना. नौदलाच्या पिढ्यान्‌पिढ्या इंजिनाचा आवाज ओळखायला तिथे शिकल्या. जुन्या यंत्रांवर हात चाललेली अशी माणसे निवृत्त होऊन लोणावळ्यात, पुण्यात, पिंपरी-चिंचवडात राहतात. तेब्राऊच्या तुकडीला जे ज्ञान शरण आलेल्या जपानी कारागिरांकडून मिळवावे लागले, तसे ज्ञान आपल्याकडे आपल्याच शेजारी आहे आणि दरवर्षी कमी होत आहे.

कामाची यादी

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्रात जिथे जिथे लढाईत जिंकलेली किंवा युद्धातून निवृत्त झालेली वस्तू उभी आहे, मग ती किल्ल्यावरची तोफ असो, छावणीतला रणगाडा असो की चौकातले विमान, तिची एक वही असावी. त्या वहीत चार गोष्टी हव्यात: तिच्यावरच्या सर्व खुणांची छायाचित्रे, ती कुठून, कधी आणि कोणाच्या हातून आली याचा पुरावा, ती चालवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या माणसाचे कथन, आणि आजवर तिच्यावर काय बदल केले, कोणता भाग नवा बसवला, याची प्रामाणिक नोंद. हे काम तालुक्यातल्या महाविद्यालयाला जमेल, दुर्गप्रेमी मंडळांना जमेल, निवृत्त सैनिकांच्या संघटनांनाही जमेल. वही तयार होईपर्यंत कोणीही रंगाचा डबा उघडू नये.

पाटीही त्या वहीतूनच लिहावी, आणि ती मराठीत असावी. तिच्यावर वेग आणि वजन जरूर असावे, पण त्याआधी हे यंत्र कोणी बनवले, त्यात कोण बसले, ते कोणाविरुद्ध गेले आणि आपल्या हाती कसे आले, ही चार वाक्ये असावीत. जिंकणाऱ्याचा अभिमान त्यात बसतो, हरलेल्याचे दुःख बसते आणि ज्यांच्यावर हे शस्त्र चालले त्यांचीही जागा राहते. एवढे केले तर पुढच्या पिढीला आपल्या वस्तूंबद्दल अंदाज बांधत बसावे लागणार नाही. पकडलेल्या शस्त्राचा मान त्याच्या चकाकीत नसतो. ते खरे बोलू शकते का, यावर तो ठरतो, आणि त्याला खरे बोलते ठेवण्याची जबाबदारी ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची असते.